अकरावीचा फॉर्म तुमच्या मोबाईलवरून भरला जाणार आहे? मग विषय ठरवण्याआधी हे ऐका

मी जालन्याहून परत तुमच्या कानात. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे बोललेलं लिहून काढलंय. जिथे मी फारच भरकटलो होतो तिथे कात्री लावलीय.

आजचा विषय तुम्हीच दिला. गेल्या महिन्यात आलेल्या व्हॉइस नोट्सपैकी बऱ्याच एकाच धाटणीच्या होत्या. "दादा, लहान भाऊ दहावीला आहे, घरचे म्हणतात तूच बघ." "दादा, बहिणीला सायन्स देऊ का?" विचारणारे सगळे वीस-बावीस वर्षांचे. आई-वडिलांनी स्वतः दहावीच्या पुढचं फारसं पाहिलेलं नाही, आणि घरात स्मार्टफोन नीट चालवणारा माणूस म्हणजे तुम्ही. म्हणून पोराच्या विषयांचा निर्णय गुपचूप तुमच्या गळ्यात पडलाय.

हे व्हायला कारण आहे. अकरावीची ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया आधी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरती होती. आपल्या जिल्ह्यात आपण सरळ कॉलेजच्या ऑफिसात जायचो, फॉर्म भरायचो, यादी नोटीस बोर्डावर लागायची. क्लार्क ओळखीचा असला तर दोन शब्द सांगायचा की "याला मॅथ्स झेपणार नाही, दुसरं बघा." २०२५-२६ पासून अख्ख्या राज्यात ऑनलाइन झालं. म्हणजे जाफराबादच्या पोरालाही तोच पोर्टल आणि अंधेरीच्या पोरालाही तोच. क्लार्कची जागा तुमच्या अंगठ्याने घेतली.

तर आज फॉर्म कसा भरायचा यापेक्षा, फॉर्म उघडायच्या आधी काय करायचं त्यावर बोलू.

टक्क्यांवर जाऊ नका, पेपर काढा

निकाल लागला की घरात एकच आकडा फिरतो. "चौऱ्याऐंशी टक्के पडले." मग पेढे, मग "सायन्सच घे." पण तो आकडा कसा बनतो ते बघा. राज्य मंडळाच्या दहावीला सहा विषय, ६०० गुण. टक्केवारी काढताना बेस्ट ऑफ फाइव्ह, म्हणजे सर्वांत कमी गुणांचा विषय बाजूला ठेवून पाच विषयांची बेरीज, ५०० पैकी.

माझ्या मामेबहिणीचंच उदाहरण देतो, गुण सांगायची तिने परवानगी दिलीय. मराठी ८८, हिंदी ९०, इंग्रजी ७८, गणित ५८, विज्ञान ७४, सामाजिक शास्त्रे ९१. सहाची बेरीज ४७९, म्हणजे जेमतेम ८० टक्के. गणित वगळलं की ५०० पैकी ४२१, म्हणजे ८४.२. गावभर ८४ टक्के झाले, आणि ज्या विषयावर सगळा निर्णय अडणार होता तोच विषय त्या आकड्यात नव्हता.

आणखी एक थर आहे. गणिताचे १०० गुण म्हणजे भाग एक ४०, भाग दोन ४०, आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २०. अंतर्गत गुण बहुतेक शाळा हात सैल सोडून देतात, ते तुम्हालाही माहितीये. ५८ मधले १९ अंतर्गत धरले तर लेखी राहतात ८० पैकी ३९. निम्मेसुद्धा नाहीत.

गुणपत्रिकेवर भाग एक आणि भाग दोन वेगळे छापून येत नाहीत. पण सराव परीक्षेचे पेपर घरात असतात, गादीखाली नाहीतर कपाटावर. ते काढा. गणित भाग एक म्हणजे बीजगणित, भाग दोन म्हणजे भूमिती. विज्ञान तर याहून कामाचं. विज्ञान भाग एक मध्ये गुरुत्वाकर्षण, विद्युतधारा, भिंगे, रासायनिक अभिक्रिया, कार्बनी संयुगे, म्हणजे उद्याचं फिजिक्स आणि केमिस्ट्री. भाग दोन मध्ये आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया, सूक्ष्मजीव, पेशी, पर्यावरण, म्हणजे उद्याचं बायोलॉजी. ७४ गुणांत हे दोन्ही मिसळून जातं. बहिणीचे सरावाचे पेपर काढले तेव्हा भाग एक ला ४० पैकी २१ होते आणि भाग दोन ला ३५. "सायन्समध्ये हुशार आहे" या एका वाक्यात दोन वेगळ्या मुली लपल्या होत्या.

एवढं एक काम जरी केलंत, तरी निम्मा गोंधळ कमी होतो. कुठल्या काउन्सेलरला पैसे द्यायची गरज नाही.

कुठलं दार बंद होतंय ते आधी बघा

आता मुख्य मुद्दा. सोळाव्या वर्षी पोराला "तुला काय व्हायचंय?" विचारणं मला फारसं पटत नाही. त्याने पाहिलेले व्यवसाय पाच-सहा. डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक, पोलीस, तलाठी, आणि हल्ली यूट्यूबर. त्यापेक्षा उलटा प्रश्न घ्या. हा विषय सोडला तर कुठली दारं बंद होतात, आणि ती बंद झालेली याला चालणार आहेत का?

एक जुनी गोष्ट सांगतो, कारण तुमच्यातल्या अनेकांना माहीत नसेल. आपल्याच राज्य मंडळात काही वर्षं नववी-दहावीला 'सामान्य गणित' नावाचा पर्याय होता. सोपं गणित, नापास होण्याची भीती कमी. मी २०१८ ला दहावी दिली, त्या पर्यायाची ती शेवटची बॅच. २०१७-१८ पासून नववीत तो बंद झाला होता. माझ्या बाकावरच्या मित्राने नववीत सामान्य गणित घेतलं, कारण वर्गात निम्म्यांनी घेतलं होतं. ते घेतलं की अकरावीला मॅथ्स घेता यायचं नाही, हे त्याच्या घरी कुणाला माहीत नव्हतं. चौदाव्या वर्षी एका खुणेने एक दार बंद झालं आणि कळलं दोन वर्षांनी. सीबीएसईत आजही दहावीला गणिताचे बेसिक आणि स्टँडर्ड असे दोन प्रकार आहेत, २०२० च्या परीक्षेपासून. तुमचं भावंडं सीबीएसईला असेल तर कुठला घेतलाय ते आधी विचारा.

बरं, आता दारं. आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना खरंच लागतात तीच घेतो.

बारावीला मॅथ्स सोडलं की इंजिनिअरिंग डिग्री जवळपास गेली, आर्किटेक्चर गेलं. इथे शहरालगतच आयसीटीचा, म्हणजे मुंबईच्या त्या नावाजलेल्या केमिकल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटचा, मराठवाडा कॅम्पस २०१८ पासून आहे. तिथल्या केमिकल इंजिनिअरिंगच्या वाटेलाही मॅथ्स लागतं. एनडीएच्या आर्मी विंगला कुठल्याही शाखेचा बारावीवाला चालतो, पण एअर फोर्स आणि नेव्हीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवं. आणि आर्मीला शाखा कुठलीही चालते म्हणून खूश होऊ नका, लेखी परीक्षेत ३०० गुणांचा गणिताचा पेपर सगळ्यांनाच आहे. २०२१ पासून मुलींनाही ही परीक्षा देता येते. अग्निवीर टेक्निकललाही बारावीचं मॅथ्स लागतं. जनरल ड्युटीला दहावी पुरते.

बायोलॉजी सोडलं की एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, नर्सिंग डिग्री ही सगळी रांग गेली. २०२४ ला जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून आपल्याकडे प्रत्येक घरात अचानक एक भावी डॉक्टर दिसायला लागलाय. दार जवळ आलं हे चांगलंच, पण जवळ आलं म्हणजे रुंद झालं असं नाही. नीट देशभराचीच आहे.

आता गंमत ऐका. बी. फार्मसीला फिजिक्स-केमिस्ट्रीसोबत मॅथ्स किंवा बायोलॉजी, दोन्हीपैकी एक चालतं. बीएस्सी ॲग्रीलाही पीसीएम चालतं आणि पीसीबी पण. म्हणजे "शेतीला जायचं तर बायोच" हे खरं नाही. आणि वकिली, सीए, एमपीएससी, पोलीस भरती या चारही वाटांना बारावीची शाखा कुठलीही चालते. ज्या पोराला फौजदारच व्हायचंय, त्याला सायन्सच्या घाण्याला जुंपून बारावीला काठावर पास करवणारी घरं मी पाहिलीत. का, तर "सायन्स घेतलं तर सगळं करता येतं." करता येतं, पण त्या दोन वर्षांत पोराचा स्वतःवरचा विश्वास किती उरतो ते कुणी मोजत नाही.

मामाच्या घरी

आता मामेबहिणीचं पुढे सांगतो. भोकरदन तालुक्यात घर, थोडी मोसंबी, बाकी कापूस-सोयाबीन. मे २०२५ चा निकाल. मामा म्हणाले, "चौऱ्याऐंशी पडलेत, सायन्सच घे म्हणावं, नर्सिंग-बिर्सिंग काहीतरी होईल." मामी म्हणाली, "जवळच्या कॉलेजात आर्ट्स हाय, जाऊन-येऊन करील. पोरीची जात, रोज एसटीने कुठं पाठवू?" बहीण भांडी लावत होती. मी विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "काही पण चालेल दादा."

हे उत्तर तुम्हालाही मिळणार आहे, विशेषतः मुलींकडून. 'काही पण चालेल' म्हणजे 'माझ्या बोलण्याने काही बदलणार नाही, हे मला माहितीये.' तिथे थांबू नका. घरच्यांसमोर विचारू नका, बाहेर चक्कर मारायला न्या. आणि करिअरबद्दल विचारू नका. मी तिला दोन प्रश्न विचारले. सुट्टीत एखादं पुस्तक उघडावंसं वाटलं तर कुठलं? "विज्ञान दोन." आणि कुठल्या पेपरच्या आदल्या रात्री झोप लागली नव्हती? "गणित एक."

मग बोलता बोलता कळलं की मोसंबीच्या झाडाला डिंक्या दिसला की फोटो काढून कृषी सहायकांना पाठवायचं काम तीच करते. मामांना फोटो नीट काढता येत नाही. आलेलं उत्तर वाचून कुठलं औषध खोडाला लावायचं हे मामांना तीच समजावते. तीन वर्षं हे चाललंय आणि घरात कुणी याला 'हुशारी' म्हटलेलं नाही.

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ ला महिको इथेच सुरू केली, त्यांना १९९८ ला वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं, आणि बियाण्याच्या धंद्यात आज जालन्याचं नाव देशात आहे. बदनापूरला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं कृषी महाविद्यालय आहे आणि तिथल्या संशोधन केंद्राची तूर अख्ख्या मराठवाड्यात पेरली जाते. म्हणजे या मुलीला जे आवडतं त्याची शाळा, कॉलेज, नोकरी सगळं तासा-दोन तासांच्या अंतरात. तरी घरात चर्चा नर्सिंग की आर्ट्स.

आम्ही कागद घेतला. मॅथ्स सोडून पीसीबी घेतलं तर काय बंद होईल ते मी एक एक वाचलं, आणि प्रत्येकाला ती 'चालेल' किंवा 'नाही चालणार' म्हणायची. इंजिनिअरिंग, चालेल. आर्किटेक्चर, ते काय असतं? सांगितलं, मग चालेल. एनडीए एअर फोर्स, थोडा वेळ थांबली, मग चालेल. मग तिनेच विचारलं, "फॉरेस्ट ऑफिसर?" राज्य वनसेवेला कृषी, वनस्पतिशास्त्र अशा पदव्या चालतात. ते दार उघडंच राहतं म्हटल्यावर पहिल्यांदा हसली. मॅथ्सच्या जागी भूगोल ठरला.

पण विषय ठरणं सोपं होतं, खरी अडचण पुढे होती. तिचा भाऊ तिच्याहून एका वर्षाने लहान, तेव्हा दहावीत गेलेला. त्याच्या नीटच्या क्लाससाठी लातूरला पाठवायचे पैसे मामांनी मनात आधीच बाजूला काढले होते. त्याला काय आवडतं हे कुणी विचारलं नव्हतं, पण पैसे काढले होते. बहिणीच्या नावापुढे काही नव्हतं. मी भांडलो नाही. दोघांचा खर्च एकाच कागदावर शेजारी-शेजारी लिहिला, एवढंच. तिच्या बाजूला हेही लिहिलं की ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळा-कॉलेजला जायला एसटीचा पास मोफत आहे. आणि ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला की शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. मामा बराच वेळ कागद बघत बसले. मग म्हणाले, "हे आधी कुणी सांगितलं नाही." मामी अजूनही एसटीला राजी नव्हती, तिला गावातल्या दुसऱ्या दोन मुली त्याच बसने जातात हे दाखवावं लागलं.

आता ती बारावीला आहे. सगळं गोड झालंय असं नाही. परवा फोन आला, "दादा, व्हेक्टर अजून डोक्यात बसत नाहीत."

मॅथ्स सोडलं तरी मॅथ्स सुटत नाही

हे व्हेक्टरचं कुणी आधी सांगत नाही. अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात दुसरंच प्रकरण 'मॅथेमॅटिकल मेथड्स' आहे. व्हेक्टर तिथे आहेत, थोडं कॅल्क्युलसही आहे. म्हणजे गणिताला घाबरून पीसीबी घेतलेल्या पोराची गणिताशी गाठ जून-जुलैतच पडते. पीसीबी घेणाऱ्याने मॅथ्सचा पेपर द्यायचा नसतो, पण त्रिकोणमिती आणि लॉगॅरिदम शिकायचं असतं. मे महिन्याच्या सुट्टीत हे एक प्रकरण कुणाकडून तरी समजून घ्या. बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, विकत घ्यायच्या आधी मोबाईलवर उघडून पोराला दाखवा. विषय ठरवण्याआधी त्या विषयाचं पुस्तक एकदा चाळलं पाहिजे ना! आपण चप्पल घेताना घालून बघतो.

दुसरा धक्का इंग्रजीचा. मराठी माध्यमातून दहावी केलेल्या पोराला अकरावी सायन्स इंग्रजीत शिकायचं असतं. 'प्रकाशाचे अपवर्तन' पाठ असलेला पोरगा 'रिफ्रॅक्शन' ऐकून गप्प बसतो, आणि वर्गात सगळे गप्प असल्याने कुणी विचारत नाही. सेमीवाल्यांना हा त्रास कमी. त्यातल्या त्यात दिलासा म्हणजे नीट मराठीतून देता येते. एमएचटी-सीईटीलाही फिजिक्स, केमिस्ट्री, बायो मराठीतून घेता येतात, फक्त मॅथ्सचा पेपर इंग्रजीतच असतो. पण बारावी बोर्डाचं पुस्तक आणि वर्ग इंग्रजी. पहिले तीन-चार महिने पोरगा खाली बसणार, त्याला 'आळशी झाला' म्हणू नका.

मग हमखास येणारा प्रश्न. "दोन्ही घेऊ का? पीसीएमबी?" इंग्रजी, एक भाषा किंवा आयटी, आणि चारही मोठे विषय. दार एकही बंद होत नाही, म्हणून घरच्यांना फार आवडतं. माझं मत सांगतो, तुम्हाला पटेलच असं नाही. ज्याचे भाग एक आणि भाग दोन दोन्ही पेपर चांगले आहेत आणि ज्याला खरंच ठरत नाहीये, त्याने घ्यावं. इतरांनी 'असू दे' म्हणून घेऊ नये. नीटमध्ये मॅथ्स नाही, जेईईत बायो नाही. सीईटीला पीसीएम आणि पीसीबी असे वेगळे गट आहेत. म्हणजे शेवटी एका विषयाचे दोन वर्षांचे तास नुसते बोर्डापुरते खर्च होतात. शिवाय अकरावीत उशिरा एखादा विषय सोडायचा तर कॉलेजची परवानगी आणि मुदत असते. ती तारीख प्रवेश घेतानाच ऑफिसात विचारून लिहून ठेवा.

बाकीच्या वाटा

कॉमर्सबद्दल आपल्याकडे 'सायन्स नाही मिळालं म्हणून' असं बोलतात. जालन्याचा मोंढा, स्टीलचे कारखाने, बियाणं कंपन्या, या प्रत्येकाला जीएसटी आणि हिशोब बघणारी माणसं लागतात. कॉमर्समध्ये मॅथ्स ऐच्छिक असतं, त्याऐवजी एसपी, म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस, घेतात. झेपत असेल तर मॅथ्स घ्या, पुढे सीए फाउंडेशनला गणित-सांख्यिकीचा पेपर आहेच.

आर्ट्सवाल्यांना एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. बारावीचा आयटी हा विषय दुसऱ्या भाषेऐवजी तिन्ही शाखांत घेता येतो, आर्ट्सलाही. प्रश्न एवढाच की तुमच्या कॉलेजात तो शिकवतात का. फोन करून विचारा.

आणि ज्याला पुस्तकापेक्षा हातात पाना धरायला आवडतो, त्याला अकरावीत ढकलायचंच कशाला? जालना आणि अंबडला शासकीय तंत्रनिकेतन आहे. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि मग सीईटी न देता डिप्लोमाच्या गुणांवर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. गणित मात्र तिथेही पहिल्या सत्रापासून आहे, त्याची तयारी ठेवा. फौजेचं वेड असलेल्या मुलासाठी शेजारी छत्रपती संभाजीनगरला एसपीआय आहे, एनडीएच्या तयारीची शासनाची संस्था, दहावीनंतरच प्रवेश. मुलींसाठी तशी संस्था नाशिकला आहे.

सायन्सला जाणाऱ्या ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी मुलांनी महाज्योतीच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. नीट, जेईई, सीईटीचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण आणि टॅब मिळतो. दहावीच्या निकालानंतर अर्ज निघतात, आणि दरवर्षी तारीख गेल्यावर मला मेसेज येतात.

चुकलंच तर?

ही भीती सगळ्यांना असते. दारं बंद होतात म्हटलं, पण काही मागून उघडतात. बारावीला बायो नव्हतं आणि नंतर मेडिकलचं मनात आलं, तर २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने स्पष्ट केलंय की बायोलॉजी अतिरिक्त विषय म्हणून नंतर मान्यताप्राप्त बोर्डातून पास झालेलाही नीटला पात्र. राज्य मंडळात बारावीनंतर एखादाच विषय घेऊन बसता येतं, मंडळाच्या कागदांत त्याला 'तुरळक विषय' म्हणतात. आयटीआय केलेल्या मुलाला भाषा विषय देऊन बारावी समकक्ष होता येतं, आणि शाळा सुटलेल्यांसाठी १७ नंबरचा फॉर्म आहेच. प्रत्येक मागच्या दाराला एक-दीड वर्ष आणि थोडे पैसे जास्त लागतात. ज्या घरात तेवढं एक वर्ष थांबणं परवडत नाही, तिथे आत्ताच नीट बघणं जास्त महत्त्वाचं.

तुमच्यातल्या काहींना आठवत असेल, आपल्या वेळी दहावीत 'कल चाचणी' व्हायची. २०१६ पासून काही वर्षं होती. कृषी, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा वगैरे सात क्षेत्रांत तुमचा कल कुठे ते सांगायची. माझा कल ललित कलांकडे निघाला, आणि घरी अख्खा आठवडा हसले. आता माइकसमोर बसून तुमच्याशी बोलतोय, तेव्हा चाचणी अगदीच चुकीची नव्हती म्हणायची. पण ती सुद्धा बोलणं सुरू करण्यापुरतीच. अशा चाचण्या आजही ऑनलाइन मिळतात, हजार-दोन हजार रुपये घेऊन. आधी गादीखालचे पेपर काढा.

आता फॉर्म

शेवटचं, पटकन. फॉर्मचे दोन भाग असतात, पहिल्यात माहिती, दुसऱ्यात कॉलेजांचे पसंतीक्रम. पसंतीक्रम १ ते १० देता येतात. २०२५-२६ च्या प्रक्रियेत नियम असा होता की पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या नंबरला गंमत म्हणून कुठलं तरी लांबचं मोठं नाव टाकू नका. यंदाचे नियम आणि वेळापत्रक पोर्टलवर वाचूनच पुढे जा.

यादीत कॉलेजच्या नावापुढे अनुदानित, विनाअनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित ते लिहिलेलं असतं, फीमध्ये त्यानेच फरक पडतो. तुम्ही ठरवलेले विषय त्या कॉलेजात खरंच आहेत का हेही बघा. लहान कॉलेजात भूगोल किंवा आयटी नसतो, मग प्रवेश झाल्यावर 'जे आहे ते घ्या' म्हणतात.

आणि फॉर्मला जो मोबाईल नंबर द्याल, तो ज्याचा आहे तो माणूस जूनमध्ये गावात आणि रेंजमध्ये असणार आहे ना? ओटीपी, फेरीचा निकाल, सगळं त्याच नंबरवर येतं. तुम्ही पुण्याला कामाला असाल आणि भाऊ मंठ्याला, तर लॉगिन आयडी आणि पासवर्ड त्याच्या वहीवर लिहून द्या. सबमिट दाबायच्या आधी दहाही नावं आणि विषय त्याला मोठ्याने वाचून दाखवा, व्हिडिओ कॉलवर का होईना. कुठे तो "काही पण चालेल" म्हणाला, तर त्या दिवशी सबमिट करू नका.

पुढच्या भागात डिप्लोमाच्या प्रवेश फेऱ्या आणि लागणारे दाखले घेऊ, जातीच्या दाखल्यापासून नॉन-क्रिमीलेअरपर्यंत. तुमचे प्रश्न व्हॉइस नोटने पाठवा, एक मिनिटाच्या आत बोला म्हणजे मला सगळे ऐकता येतील. चला, येतो.